कॅलगरी घेऊन जा गे मारबत

मी गोष्ट सांगायला बसले की आमची मुलं आधी विचारून घेतात, "आई, यात तुझ्या पोळ्या येतात का?" येतात. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच मोठ्या प्रसंगी मी तव्यापासून फार लांब उभी नव्हते, त्याला मी तरी काय करू?

तेव्हा आम्ही नागपूरच्या इतवारीत राहत होतो. रस्त्याला लागून घर, वर लाकडी गॅलरी. घरात सासूबाई, आमचे हे, मी आणि मोठ्या जाऊबाई. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे भासरे, कॅनडात होते. त्या देशाच्या पश्चिमेला कॅलगरी नावाचं शहर आहे, तिथं तेलाच्या कंपनीत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेले. जाताना बायकोला म्हणाले, "घर मिळालं की बोलावतो." त्याला सात वर्षं झाली होती. आधी घर लहान होतं. मग थंडी फार होती. मग घर मोठं झालं, पण थंडी तेवढीच राहिली. शेवटी आईकडे कोण बघणार, असा प्रश्न निघाला. आईकडे बघायला मी होते, पण मला कोणी हिशेबात धरत नव्हतं आणि मीही धरू देत नव्हते.

अधूनमधून तिकडून रंगीत कार्ड यायचं. उंच मनोरा, बर्फाचे डोंगर, उधळलेल्या घोड्यावरून हवेत उडालेला माणूस. जाऊबाई ती कार्डं स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर चिकटवायच्या. इतर घरांत बायका तिथं अन्नपूर्णा लावतात, आमच्याकडे एक माणूस कायम घोड्यावरून पडत असायचा.

एका हिवाळ्यात तिबेटी बायका स्वेटरं विकायला बसल्या होत्या, त्यांच्याकडून जाऊबाईंनी गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा जाडजूड कोट आणला. तिकडे बायका एवढं वजन अंगावर घेऊन वावरतात, आपल्याला सवय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सवय त्या नागपूरच्या उन्हाळ्यात करायच्या. बाहेर डांबर वितळतंय आणि आत जाऊबाई कोट घालून चुलीसमोर भाकरी थापतायत. सासूबाई मुद्दाम शेजारणींना दारात बोलावून दाखवायच्या, "पाहा वं, पाहा, माह्या घरी बर्फ पडून राहिला!" शेजारणी बघायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि घरी जाऊन आणखी चौघींना पाठवायच्या.

मीही हसायचे. पण माझी काळजी वेगळी होती. जाऊबाई गेल्या तर ती चूल माझ्याकडे येणार होती. मला तेव्हा गोल पोळी येत नव्हती, अजूनही येत नाही. मी टेकडीच्या गणपतीला जाऊन हात जोडायचे, "बाप्पा, भासऱ्यांचं घर लहानच ठेव." असला नवस कोणी केला असेल असं वाटत नाही, पण देवाने तो सात वर्षं पाळला.

एका पावसाळ्यात, पोळा दोन-तीन दिवसांवर असताना, भासरे आले. सोबत स्लाइडचा प्रोजेक्टर, भलामोठा कॅमेरा आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी. तिकडे गुराखी घालतात म्हणे. ते बायकोला न्यायला आलेत की नुसतेच आलेत, हे मोहल्ल्यात सगळ्यांना कळायला हवं होतं. भाजीवालीसुद्धा टोपलं उतरवायच्या आधी विचारायची, "मंग? नेऊन राहिला का?"

जाऊबाई म्हणायच्या, "अजून बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना कॅलगरी दाखवायचं ठरलं. भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता, तो काढायला सासूबाई तयार नव्हत्या. म्हणून बैठकीतून स्वयंपाकघरात जायच्या दारात पांढरी चादर ताणून बांधली. बैठकीत माणूस मावेना. चादरीच्या अलीकडे आम्ही दोघी, सगळ्यांसाठी भजी तळत. प्रोजेक्टरचा उजेड चादरीतून आरपार यायचा, त्यामुळे कॅलगरी आम्हालाही दिसली, पण उलटी. त्यांच्या उजवीकडची नदी आमच्या डावीकडून वाहत होती. जाऊबाईंना त्याचं काही नव्हतं. झारा हातात धरून त्या मान वर करून बघत होत्या.

"हा मनोरा," भासरे पलीकडून सांगत होते. "याच्या टोकावर हॉटेल आहे. ते गोल फिरतं. बसल्या जागी सगळं शहर दिसतं."

"मंग बिल द्याच्या टाइमले दरवाजा कुठं राहते?" आमच्या घरामागचे सायकलवाले काका म्हणाले. हशा.

मग एक जुनं गाव आलं. तिकडे शंभर वर्षांपूर्वीची घरं, दुकानं, धुराची आगगाडी सगळं मुद्दाम जपून ठेवलं आहे आणि लोक तिकीट काढून बघतात. काका म्हणाले, "आमची इतवारी फुकटात पाहून घ्या मनावं त्यायले." पुन्हा हशा. मग उन्हाळ्यातला घोड्याबैलांचा मोठा उत्सव. रस्त्यात उभं राहून अख्खं गाव फुकट धिरडी खातंय. टोप्याच टोप्या. आणि एक माणूस बैलाच्या पाठीवर बसलेला.

"बैलावर बसते?" मौद्याकडून पोळ्यासाठी आलेले एक शेतकरी पाहुणे कळवळून उठलेच. "उद्या पोळा, अन् हे काय दाखवता, गा! बैलावर बसते म्हणे! पाप्याहो!"

"बसतो आणि पडतो," भासरे म्हणाले. "पडला की लोक टाळ्या वाजवतात."

त्यानंतर हिवाळ्यातली जत्रा. नुसत्या बर्फाचे पुतळे, अस्वलं, किल्ले. मग कोणाच्या तरी तळघरातला गणपती, पुढे आपली चार मराठी माणसं स्वेटर घालून आरती म्हणतायत. एक बाई नैवेद्याचं ताट धरून उभी होती. तिच्याकडे जाऊबाई फार वेळ बघत राहिल्या. स्लाइड बदलली तरी त्या तिथंच बघत होत्या.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना शहराशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "यात तुमचं घर कोणतं हाय, भाऊ?"

"घराचं काय बघायचं, काकू."

"मंग बायकोलेच नेऊन दाखवा सारं. बिचारी कोट घालून बसली हाय."

भासरे हसले. "हिला? हिला नेलं तर काकू, लोक घोडे सोडून हिलाच बघायला तिकीट काढतील."

असा हशा त्या घरात मी पुन्हा ऐकला नाही. सगळ्यांत मोठा सासूबाईंचा. "कोट घालून उभी करजो तिले! मनोऱ्यावर ठेवजो, म्हंजे गोल गोल फिरन!" कोणीतरी टाळी दिली. कोणी म्हणालं, "आमाले सवलतीत दाखवजा!" खरं सांगते, चादरीच्या या बाजूला मलाही हसू फुटलं आणि ते दाबताना माझ्या हातातलं बेसन सांडलं. त्या वेळी चादरीवर प्राणिसंग्रहालयातलं अस्वल होतं, त्याचा तपकिरी उजेड जाऊबाईंच्या तोंडावर पडला होता. त्या भजी उलटत होत्या. एकही करपू दिलं नाही. घाणा निथळून ताटात काढला आणि मला म्हणाल्या, "नेऊन दे. थंड होतात."

दुसऱ्या दिवशी पोळा. दुपारी पंगतीत भासरे, आमचे हे आणि सासूबाई. जाऊबाई वाढत होत्या. पुरणपोळी पानात टाकून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"मले नेता का नाही? एकदाचं सांगून टाका."

भासऱ्यांनी तूप ओढून घेतलं. "बघू. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी म्हंजे नाही का?"

"मी नाही म्हटलं का?"

"मंग हो म्हणा."

"त्याले जेवू दे वं," सासूबाई म्हणाल्या. "घासागणिक काय विचारून राहिली?"

भासऱ्यांनी आणखी एक पोळी मागितली. जाऊबाईंनी वाढली.

पोळ्याचा दुसरा दिवस नागपुरात मारबतीचा. आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण माझी एक सून पुण्याची आहे, तिच्यासाठी सांगते. बांबू आणि कागदाच्या दोन अजस्र बाया, एक काळी, एक पिवळी, गावभर मिरवतात. त्यांच्या मागून बडगे, म्हणजे कोणाचेही काढलेले पुतळे. महागाईचा बडग्या, रॉकेल लपवणाऱ्याचा, ज्याचा ज्यावर राग असेल त्याचा. रस्त्यात मुंगीला वाट नसते. जो तो ओरडून सांगतो, हे घेऊन जा, ते घेऊन जा. खोकला, ताप, डास, ढेकूण, सगळं मारबतीच्या गळ्यात. मग गावाबाहेर नेऊन पेटवून देतात. त्या दिवशी कोणी काहीही ओरडलं तरी त्याला कोणी जाब विचारत नाही.

आमच्या घरची रीत अशी, की मारबत गॅलरीखाली आली की पहिली हाळी थोरल्या सुनेने द्यायची. जाऊबाई दरवर्षी पदर सावरून, जेमतेम मला ऐकू येईल एवढ्या आवाजात "ढेकूण घेऊन जा गे मारबत" म्हणायच्या. मग आम्ही सगळे.

त्या वर्षी भासरे टोपी घालून गॅलरीत पुढे वाकले होते. डोळ्याला कॅमेरा. "हे तिकडे दाखवलं पाहिजे," म्हणत होते. "काय रंग आहेत! आमच्या मिरवणुकीला हे नाही येत."

काळी मारबत आली. खाली ढोल, शिट्ट्या, घामाचा आणि गुलालाचा वास. सासूबाई म्हणाल्या, "हं, म्हण वं."

जाऊबाईंनी गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. एवढ्या किडकिडीत बाईत तो आवाज कुठून आला, मला अजून कळलेलं नाही.

"कॅलगरी घेऊन जा गे मारबत!"

खाली पोरांच्या माना वर झाल्या. एकाने दुसऱ्याला विचारलं, "हे कॅलगरी काय राहते बे?"

"असन कोणता तरी नवा ताप."

"कॅलगरी..." जाऊबाई पुन्हा ओरडल्या.

"घेऊन जा गे मारबत!" अख्ख्या रस्त्याने उत्तर दिलं. आणि मग थांबेचनात. ढोलवाल्याने त्यावर ठेका धरला. भासरे फोटो काढत होते, आपल्या शहराचं नाव गाजतंय म्हणून हसत होते. टोपी हलवून त्यांनी खालच्या लोकांना दाद दिली. सायकलवाले काका खाली गर्दीत होते, ते तोंडाशी हात धरून ओरडले, "अहो, तो टोपीवालाच कॅलगरी आहे! बायकोले नेत नाही तो!"

मग काय. एक पोरगा दोस्ताच्या खांद्यावर चढला, बांबूने भासऱ्यांची टोपी उडवली आणि मागून येणाऱ्या बडग्याच्या डोक्यावर ठेवली. तो रॉकेलवाल्याचा बडग्या होता. क्षणात तो कॅलगरीवाला झाला. लोकांनी त्याला चपला मारल्या, त्याच्या पोटात काठ्या खुपसल्या, त्याच्या बायकोच्या नावाने काय काय विचारलं ते मी सांगू शकत नाही. भासऱ्यांच्या हातातला कॅमेरा खाली आला. जाऊबाई कठड्याला धरून ओरडतच होत्या. मारबत वळणाआड गेली, रस्ता रिकामा झाला, तरी त्यांचं चालूच. शेवटी मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा कळलं की त्यांच्या घशातून आवाज केव्हाच निघेनासा झाला होता.

आत आल्यावर सासूबाई भासऱ्यांना म्हणाल्या, "हिले आता मी घरात ठेवत नाही. तू घेऊन जा."

"मी? हिला? तिकडे चार माणसांत माझी अब्रू आहे, आई."

"अन् मी का बिनअब्रूची हाओ? तुही बायको हाय, तू ने."

"इतकी वर्षं तू सांभाळलीस..."

"आता तू सांभाळ!"

सात वर्षांत पहिल्यांदा सासूबाई जाऊबाईंना कॅलगरीला पाठवा म्हणत होत्या, आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटतात तशा. आणि भासरे तो परत इकडे लोटत होते. जाऊबाई मोरीत भांडी घासत होत्या. आवाज बसलेला, म्हणून सगळ्यांना गप्प व्हावं लागलं तेव्हा ऐकू आलं.

"भांडू नका. मी भिवापूरले जातो."

भिवापूरला त्यांचा भाऊ होता, मिरचीचा व्यापारी. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी त्यांची पेटी बसपर्यंत पोचवली. परत आले आणि चपला काढता काढता मला म्हणाले, "जेवायले काय आहे?"

तिथून पुढे माझं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. सासूबाई पोळी उजेडात धरायच्या. "हे पोळी हाय का कोण्या देशाचा नकाशा?" भासरे त्याच आठवड्यात निघून गेले. पण माझा एक फायदा झाला. मला गोष्ट मिळाली. ज्या लग्नात जाईन त्या लग्नात मी मारबतीची गोष्ट सांगायचे, हातवारे करून, जाऊबाईंच्या आवाजात. टोपी उडाली की लोक हसून लोळायचे आणि मी तिथं थांबायचे. जाऊबाई माझ्या गोष्टीत फार मोठ्या झाल्या होत्या. भिवापूरला जाऊन त्यांना बघून यावं, असं काही मला सुचलं नाही.

हिवाळा सरत आला होता तेव्हा खालच्या दुकानात कॅलगरीहून फोन आला. तिकडच्या एका मराठी गृहस्थांचा. बर्फाच्या पुतळ्यांच्या जत्रेत भासरे फोटो काढायला मागे मागे सरकत गेले आणि घसरून पडले. खुबा मोडला. "वहिनींना पाठवून द्या," ते गृहस्थ म्हणाले, "बाकीचं आम्ही बघतो."

सासूबाईंना स्वतः भिवापूरला जायला कमीपणा वाटत होता. आमचे हे म्हणाले, "मले नाही जमत असलं." मग मी गेले.

भिवापूरला जाऊबाईंच्या भावाचं अख्खं अंगण लाल होतं. मिरच्यांचे ढीग, भोवती तोंडाला फडकी बांधलेल्या बायका देठ खुडत बसलेल्या. मी फाटकातच शिंकायला लागले. भावजयीने मला ओळखलं. "न्यायले आल्या का? न्या बाप्पा लवकर." ती हे मोठ्याने म्हणाली. बायकांतली एक मान वर झाली, त्या जाऊबाई. फडकं खाली केलं. गाल बसलेले, बोटं सुजून तांबडी.

"काहून आली?"

"निरोप आहे, बाई. कॅलगरीहून. तुम्हाला बोलावलं आहे."

त्यांचे हात चालूच. "त्यायनं?"

मी शिंकत शिंकत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर, मला कोणी सांगितलं नव्हतं तरी, म्हणाले, "तुम्ही सरळ नाही म्हणा. आणि घरी चला."

"कोणाच्या घरी?"

"आपल्या. मी बोलावते तुम्हाला."

"तुले पोळ्या लाटणारी पाहिजे."

"तसं नाही हो, बाई..."

"तसंच हाय." त्यांनी ओंजळभर देठ बाजूला टाकले. "किती दिवस उठता येत नाही म्हणते?"

"वर्ष तरी जाईल म्हणाले. पुढेही काठीशिवाय नाही."

"न्हाणीत?"

"धरून न्यावं लागतं."

"अन् फोटो?"

"कसले फोटो, बाई? पलंगावरून कशाचे काढतील?"

तेव्हा त्या हसल्या. उठल्या, लुगड्याला लागलेलं बी झटकलं, हाताला तेल चोळायला लागल्या. "जातो मी. कळव त्यायले."

मला रागच आला. माझी इतकी चांगली गोष्ट, तिची त्या माती करायला निघाल्या होत्या. "ज्याने सात वर्षं नेलं नाही, चारचौघांत असं बोलला, त्याची सेवा करायला जाता?"

"सेवा?" जाऊबाई बोटांच्या बेचक्यांत तेल जिरवत होत्या. "मी शहर पाहाले जातो वं. तो मनोरा, ते जुनं गाव, घोडे, बैलावरून पडणारे, बर्फाचे पुतळे. सारं एकटीनं पाहीन. अन् संध्याकाळी येऊन त्यायच्या उशाशी बसून सांगन, आज काय काय पाह्यलं ते. रोज सांगन."

"आणि त्यांचं जेवण?" मी विचारलं, कारण मला दुसरं काही सुचतच नाही.

"पाहून आल्यावर करीन. एका दुपारानं का मरते माणूस?"